प्रधानाच्या घरची फोडणी

मंडळी, सांगा बरं — लढाई कुणाला हवी असते? शत्रूला? अहो, शत्रू निदान समोरून येतो!

ऐका! चंदनगडाचे प्रधान विश्वंभरपंत. तिथला रिवाज असा, की लढाई चालू असेतो प्रधान बदलायचा नाही, आणि प्रधानाच्या घरी फोडणी द्यायची नाही! गावची पोरं सीमेवर मरतायत, प्रधानानं चमचमीत खायचं नाही! आणि राजा तर बोलून बसलेला — लढाई संपू दे, दुसरा प्रधान नेमतो.

पंत बिनफोडणीचं वरण भुरके मारून खायचे. लोक म्हणायचे, "काय हा त्याग!" आपल्याकडे कुणी जरा वाळलेला दिसला, की झालेच हात जोडून मोकळे!

पण बायको? भागीरथीबाईंचा धाकटा भाऊ सीमेवर. त्यांना वाटलं, लसणाची फोडणी नसली तर ताट सरकवणारा हा माणूस — आता दुसऱ्यांदा वरण मागतो? कुठंतरी पाणी मुरतंय!

त्यात माडीवर एक पाहुणा. पंत म्हणाले, "लांबचे आप्त आहेत. तू वर जाऊ नकोस." आता, जाऊ नकोस म्हटल्यावर कोण थांबतं हो? बाई गेल्या ताक घेऊन!

"भाऊसाहेब, आपण कुठले?"

"मी शत्रूचा दूत, बाई. आमचा राजा तह मागतोय. प्रधानजी म्हणतात, तुमच्या राजाला सवड नाही!"

तह माडीवर, आणि भाऊ रणात! बाई तशाच मागे फिरल्या. राजाकडे जावं, तर दारात पंतांचे पहारेकरी. मग? खाली आल्या, चूल पेटवली. तेल, मोहरी, हिंग, लसूण — चर्रर्र!

वास गेला आळीभर! "अगं, प्रधानाच्या घरी फोडणी! लढाई संपली!" नगारे काय, साखर काय! गर्दी दारात — आणि गर्दीमागून खुद्द राजा!

पंत धावले. "महाराज, बायको चुकली! लढाई चालूच आहे!"

बाई म्हणाल्या, "मग माडीवरच्या पाहुण्यांना खाली बोलवा. तेच सांगतील."

दूत उतरला. पंतांची प्रधानकी तिथंच उतरली. बाईंचा भाऊ घरी आला. शेजारच्या राहीबाईंचा मुलगा नाही आला, मंडळी. तो आदल्याच दिवशी पडला होता — तह माडीवर बसलेला असताना!

कसं वाटलं ऐकून? पंतांना शिव्या देताय ना? द्या! पण तुमच्या आळीत दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, आणि दोघंही एकाच शहाण्याचा सल्ला घेतात. दोन्ही घरी त्याला पाट, दोन्ही घरी चहा! त्याचा संशय घ्या. आणि तो शहाणा इथंच, मांडी घालून, डोळे मिटून बसला असेल — तर बाबा, नाम नंतर घे. आधी ऊठ, त्या दोघांना समोरासमोर बसव!