ठाऊक असलेलं नवल

मंडळी, आख्यानाआधी एक प्रश्न टाकते. भक्तीचे प्रकार नऊ. त्यात पहिला कोणता? — श्रवण! शाब्बास! आणि कीर्तन? दुसरं! म्हणजे मी इथे उभी राहून घसा फोडते ती दुसऱ्या नंबरावर, आणि तुम्ही भिंतीला टेकून नुसते बसलात ते पहिले! आहे की नाही अन्याय? बरं, ऐकायचं कशासाठी? तुम्ही म्हणाल, ताई, माहीत नसतं म्हणून. ठीक. मग ज्याला सगळं आधीच ठाऊक आहे, त्यानं ऐकावं कशाला? — हं! आता कसे गप्प झालात! बापू, पेटी जरा हळू. याचं उत्तर मी देत नाही, बार्शीचे अच्युतराव डांगरे देतील.

कोण हे अच्युतराव? एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारणारे! 'कृपया लक्ष द्या! सोलापूरहून आलेली, लातूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे!' — आवाज असा खणखणीत, की बाकावर झोपलेला माणूस दचकून उठायचा आणि भलत्याच गाडीत जाऊन बसायचा! जन्मभर हेच काम. हजारो लोकांशी बोलायचं, आणि एकानंही उलटून 'बरं' म्हणायचं नाही.

पण या गृहस्थाला एक नाद होता. पेपरातली भांडणं, निवडणुका सगळं बाजूला; त्यांना हवं नवल! कुठे काय शोध लागला, कुठे काय विचित्र घडलं, ते सकाळी वाचायचं, दिवसभर मनात घोळवायचं आणि दिवेलागणीला घरी येऊन बायकोला सांगायचं. बायको कुमुदबाई. काचबिंदूनं दृष्टी अधू झालेली, अक्षर दिसायचं नाही. अच्युतराव चपला काढता काढताच सुरू! 'कृपया लक्ष द्या! ऑक्टोपस नावाच्या प्राण्याला तीन हृदयं असतात!'

'अगं बाई! तीन? मग?'

'शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा!'

'अगं बाई! मग तिथल्या बायकांनी एका दिवसात किती वेळा स्वयंपाक करायचा हो?'

अच्युतराव असे फुलायचे म्हणता! त्या 'मग?'वर गडी रात्रीची भाकरी दोन घास जास्त खायचा. बायांनो, हसू नका. तुमच्याकडेही हेच औषध आहे, तुम्ही वापरत नाही एवढंच!

आणि एक दिवस कुमुदबाई गेल्या. फार आजार नाही, फार बोलणं नाही, गेल्या.

दिवस झाले, पाहुणे परतले. मुलगा हृषी जर्मनीत नोकरीला, तोही परतला. अच्युतराव त्याच सुमारास निवृत्त झालेले. सकाळी पेपर आला, सवयीनं उघडला. आत बातमी — फार वर्षांपूर्वी आभाळात सोडलेलं एक यान, सूर्यमालेच्याही पलीकडे गेलेलं, कित्येक महिने काहीबाही बरळत होतं. आणि माणसांनी इथे बसून ते दुरुस्त केलं! इथून निरोप धाडला तर पोचायला जवळजवळ अख्खा दिवस लागतो म्हणे! अच्युतराव ताडकन उठले, स्वयंपाकघराच्या दारात गेले. 'अगं, ऐकलंस का—'

ओट्यावर उपडी घातलेली पातेली. बास. मंडळी, दुःख रडताना होतं त्याहून जास्त असं होतं हो, अर्ध्या वाक्यात.

आता नवल सांगायचं कुणाला? गेले केशकर्तनालयात. 'अरे, एका कलाकारानं भिंतीला केळं चिकटवलं, केळं! ते कोट्यवधींना विकलं गेलं, आणि घेणाऱ्यानं ते खाल्लं!' दाढी करणारा म्हणाला, 'काका, आलंय ते. ग्रुपवर आलंय.' गेले बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर. तिथे प्रत्येकाचा गुडघा वेगळा आणि प्रत्येकाला आपलाच गुडघा सांगायचा! ऑक्टोपसची तीन हृदयं ऐकायला कुणाला वेळ? एकानं तर विचारलं, 'बायपास किती लागतात त्याला?'

मुलानं काय केलं, एक बोलकं डबडं पाठवलं. त्याला विचारा, ते बोलतं. मराठीत! अच्युतरावांनी ते कुमुदबाईंच्या पाटाजवळ ठेवलं. खाकरले. 'कृपया लक्ष द्या! शुक्रावरचा दिवस वर्षापेक्षा मोठा असतो!' डबडं म्हणालं, 'होय. शुक्राला स्वतःभोवती फिरायला पृथ्वीचे सुमारे दोनशे त्रेचाळीस दिवस लागतात. आणखी माहिती हवी आहे का?' अच्युतराव म्हणाले, 'अरे, पण तुला नवल नाही का वाटलं?' डबडं म्हणालं, 'मला भावना नाहीत. आणखी माहिती हवी आहे का?'

काढली वायर! एकटेपणा म्हणजे घरात कुणी नसणं, असं त्यांना आजवर वाटत होतं. त्या दिवशी कळलं, उत्तर देणारं असूनही माणूस एकटा असतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेपर बंद केला.

आठवडा झाला नसेल, शेजारच्या जैतुनबी दारात उभ्या. ब्लाउज शिवणाऱ्या, गळ्यात टेप तसाच. 'भाऊजी, पेपर बंद केला का?'

'कशाला हवाय? सांगायचं कुणाला?'

जैतुनबी उंबऱ्यावरच टेकल्या. 'आमची पण दुपार जाईना झालीय हो. कुमुदताई रोज तुमचा पेपर घेऊन यायच्या. मी मोठ्यानं वाचायची, त्या लसूण सोलायच्या. ग्रुपवर आलेलं ते केळ्याबिळ्याचं ऐकायला त्या असत्या, तर काय हसल्या असत्या!'

अच्युतरावांना काही कळेना. 'रोज? कुठला पेपर?'

'तुमचाच की! तुम्ही ड्यूटीवर गेला की घेऊन यायच्या. संध्याकाळी तुम्ही यायच्या आत घडी घालून जाग्यावर ठेवायच्या.' बाई बोलता बोलता थांबल्या. 'अल्ला! तुम्हाला ठाऊक नव्हतं?'

मंडळी, अच्युतरावांना आधी काय आलं असेल? रडू? छे! राग आला! नवराच तो! 'म्हणजे इतकी वर्षं मला वेड्यात काढलं? सगळं ठाऊक असून अगं बाई, अगं बाई? मी काय खुळा म्हणून रोज तिथे—'

'ओरडू नका, मी काही गाडी चुकलेली बाई नाही,' जैतुनबी म्हणाल्या. 'मी पण विचारलं होतं एकदा. म्हटलं, ताई, दुपारी सगळं ऐकता, मग संध्याकाळी परत काय ऐकता? तर म्हणाल्या, जैतुन, हा माणूस दिवसभर स्टँडवर ओरडतो, एक माणूस त्याला उत्तर देत नाही. घरी तरी कुणी “मग?” म्हणायला नको का गं?'

अच्युतराव खाली बसले. उंबऱ्याच्या अलीकडे ते, पलीकडे जैतुनबी.  मग अच्युतराव रडले, लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले, आणि जैतुनबी उठून गेल्या नाहीत.

थांबा, आख्यान संपलं नाही! डोळे पुसताय काय? खरं पुढेच आहे.

रविवारी दुपारी हृषीचा फोन यायचा. कसा असायचा तो फोन? 'जेवलात?' 'जेवलो.' 'गोळ्या घेतल्या?' 'घेतल्या.' आणि मधेच पोरगं म्हणायचं, 'बाबा, एक गंमत वाचली—' की अच्युतराव मोठ्या रुबाबात, 'वाचलंय मी. मंगळवारच्या अंकात होतं.' संपला फोन! आता मला सांगा, वायर काढलेलं डबडं एक. पण त्या घरात दुसरं डबडं कोण होतं?

त्या रविवारी फोन आला. जेवलात, जेवलो झालं. जरा थांबून हृषी म्हणाला, 'बाबा, हत्तींचं एक वाचलं.'

अच्युतरावांना ठाऊक होतं! जुन्या अंकात वाचलेलं, बारीकसारीक तपशिलासकट ठाऊक! 'वाचलंय' हा शब्द अगदी दातापर्यंत आला. त्यांनी तो गिळला. म्हणाले, 'हत्तींचं? काय रे?'

पलीकडे पोरगं गोंधळलं. सवय नव्हती ना! मग हळूहळू सांगू लागलं. 'शास्त्रज्ञांनी रानात जाऊन हत्तींचे आवाज टिपले, बाबा. त्यांना असं दिसलं की हत्ती एकमेकांना नावानं हाक मारत असावेत. म्हणजे प्रत्येकाची हाक वेगळी. ती टिपलेली हाक वाजवली, की ज्याची त्याला कळते, तो कान टवकारतो, जवळ येतो.'

'नावानं? एवढं जनावर, आणि नावानं?'

'हो ना!' पोरगं हसलं. किती दिवसांनी हसलं! आणि मग बोलतच राहिलं. हत्तींचं झालं, तिथल्या थंडीचं झालं, खोलीचं झालं. बोलता बोलता त्याचा आवाज खाली गेला. 'बाबा, इथे मला नावानं कुणी हाक मारत नाही हो. ऑफिसात आडनावानं बोलवतात, तेही धड म्हणता येत नाही त्यांना. आई गेल्यापासून तर... परवा मी आठवायला बसलो होतो, शेवटचं हृषी म्हणून कुणी हाक मारली. आठवलंच नाही.'

अच्युतरावांच्या मनात आलं, आपण स्वतः? आपण काय म्हणतो याला? 'हॅलो, बोल.' एवढंच! जन्मभर सगळ्या गाड्यांची नावं पुकारली, आणि पोराचं नाव—

'बाबा? आहात ना?'

आणि त्या खणखणीत गळ्यातून, माइकविना, अगदी हळू आवाज निघाला. 'हृषी.'

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. 

'हृषी, मी आहे रे. बोल. मला काही घाई नाही.'

मंडळी, फोन ठेवल्यावर घर होतं तसंच रिकामं होतं, हे मी लपवत नाही. पातेली उपडीच होती, कुमुदबाई परत आल्या नाहीत. अच्युतराव त्या रात्रीही एकटेच जेवले. पण पुढच्या रविवारची वाट आता दोघं बघत होते.

आता माझ्याकडे बघा! तुम्ही आज इथे कशाला आलात? रामानं रावणाला मारलं, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? सीता कुठे सापडली, हे मी सांगितल्यावर कळणार होतं? पोथी पाठ आहे तुमची! तरी दर वर्षी येऊन बसता, आणि बाण सुटला की तुमचा श्वास अडकतो. देवाजवळ ठाऊक असलेलं ऐकायची एवढी हौस! मग घरी कुणी तोंड उघडलं की 'आलंय ते मला' कसं हो म्हणवतं?

आरती तयार आहे, प्रसादही आहे. पण पुंडलिकवरदा म्हणण्याआधी आज एवढंच करा. तुमच्या घरात जो कुणी सारखं तेच तेच सांगतो ना — सगळ्यांच्या घरात एक असतो, आत्ता चेहरा आला ना डोळ्यासमोर? — तो आज काहीतरी सांगेल. तुम्हाला ते ठाऊक असेल. तेव्हा त्याचं नाव घ्या, आणि त्याच्याजवळ बसा.