त्या लोकाइत कोण होतं?

सावली गावच्या बसस्टँडवर माझ्या मागं बहीण-भाऊ बसले होते. भावाच्या टाचेला पट्टी होती.

"इस्तारीभाऊ, नागपूरचा डॉक्टर काय म्हणे?"

"टाचेवरचा काळा डाग कॅन्सरच आहे. छातीत पसरला. एका औषधानं काही लोकाइच्या गाठी लहान झाल्या म्हणे."

"मंग घे ना."

"मैना, मी विचारलं, त्या लोकाइत माह्यासारखा किडनी खराब असलेला कोणी होता का?"

"मंग?"

"औषध तपासताना तशा लोकाइले घेतलंच नव्हतं."

"तुले लागू होईन का नाई?"

"डॉक्टरलेबी ठाऊक नाई."

"उलटं झालं तं?"

"होऊ शकते. सोमवारी पहिली सुई आहे. मी डॉक्टरले म्हणलं, जे होईन ते लिहून ठेवा."

"काऊन?"

"माह्यासारखा दुसरा कोणी विचारन, तं त्याले सांगाले पाह्यजे."