हौसाबाईची सही

मंडळी, ऐका! ज्या शब्दाचा अर्थ सख्ख्या बहिणीला तोंडावर सांगायची लाज वाटते, त्या शब्दाखाली तिची सही घ्यावी का? माना डोलवू नका, आधी ऐका.

एका गावात अंकुशराव नावाचे गृहस्थ होते. शिक्षण सातवी. पण वकिलाकडे चार खेपा घातल्या आणि एक इंग्रजी शब्द उचलून आणला – इर्रिव्होकेबल! झालं! चहाला नको म्हणाले तरी इर्रिव्होकेबल. बैलाची किंमत सांगितली – इर्रिव्होकेबल. बायको बिचारी म्हणायची, "अहो, जेवायला तरी मराठीत या."

आता हा शब्द आणला कशासाठी? बाप वारला होता. विहिरीजवळच्या शेतात बहिणीचा, हौसाबाईचा, निम्मा वाटा. ती विधवा, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी. मग अंकुशरावांनी काय केलं? तुम्ही करता तेच! भाऊबीजेला बोलावलं, साडी नेसवली, पुरणपोळी वाढली, आणि दुसऱ्या दिवशी वकिलाला बरोबर घेऊन हक्कसोडपत्रावर सही करायला तालुक्याच्या रजिस्ट्रार कचेरीत नेलं. वा रे भाऊ! ओवाळणीच्या ताटातलं कुंकू अजून वाळलं नव्हतं हो!

रजिस्ट्रार मॅडमनी विचारलं, "बाई, काय लिहिलंय ते कळलं का?"

हौसाबाई म्हणाली, "त्यो इंग्रजी शब्द तेवढा कळंना. दादा म्हणतोय, मायेचा हाय."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "अंकुशराव, सांगा यांना मराठीत."

आता बोला! गावभर मिरवलेला शब्द, पण मराठीत सांगायचा म्हटल्यावर अंकुशराव टोपी सावरायला लागले. शेवटी खाली बघत म्हणाले, "म्हंजी... एकदा सोडलं की माघारी मागता येत न्हाई."

"कुणाला?" हौसाबाईनं विचारलं.

"तुला."

हौसाबाईनं सहीसाठी उचललेलं पेन कागदावरून मागं घेतलं. मग म्हणाली, "आन् दादा, मी आजारी पडले तर तू न्यायला येशील, म्हातारपणी दारात उभी करशील, हे कुठल्या ओळीत लिवलंय? तितंबी त्योच शब्द घाल. मग करते सही."

अंकुशराव वकिलाकडे बघतात, वकील छताकडे बघतो. ती ओळ काही लिहिली गेली नाही. हौसाबाईनं पेन टेबलावर ठेवलं आणि एसटी धरली. आज ती त्याच शेतात खुरपते. स्वतःच्या!

टाळ्या कसल्या वाजवता? ही पुढची रांग एकाएकी गप्प का झाली? तुमच्या कपाटातही तसले कागद आहेत, मला ठाऊक आहे. आज घरी जा, बहिणीला फोन लावा आणि तिच्याकडून काय लिहून घेतलंय ते मराठीत वाचून दाखवा. वाचवत नसेल, तर कीर्तन संपल्यावर बुक्का लावायला कपाळ माझ्यापुढे आणू नका.