चार बोटांचा फरक

—हो, कळलं गं श्याओ थेंग, उजवीकडे ओढत होता. काल संध्याकाळी तू आमच्या म्हाताऱ्याचा दोन दोरांचा पतंग मागून घेतलास, उडवलास, आणि तो सारखा उजवीकडे जात होता — जाईलच, नवे दोर आहेत, पहिला महिनाभर ताणले जातात, एक कमी, एक जास्त. त्यात मुद्दाम येऊन सांगण्यासारखं काय आहे? तू बस आधी. ती दोरांची पिशवी ठेव बाकावर. दहाला त्याचा गट मैदानात उतरणार, त्याआधी गाठ बघून नेऊन देते त्याला, माझं रोजचंच काम आहे ते. मुळा घे. घे गं, वेइफांगला येऊन मुळा खाल्ला नाही, असं सांगणार आहेस का तुमच्या गावी, यांताईला जाऊन? तिखट लागला तर वर चहा पी. — हे मात्र मानलं पाहिजे तुम्हा यांताईच्या लोकांना, दुसऱ्याची वस्तू वापरली की रीतीनं परत आणता. इथले आमचे वाळूसकट गुंडाळून देतात आणि वर विचारतात, काकू, गुंता कसा झाला?

काय म्हणतेस? थांब, माझं होऊ दे. ही खुंटी बघ. डाव्या हाताचा एक, उजव्याचा एक, दोन्ही दोरांची टोकं हिला अडकवायची, चाळीस पावलं मागं जायचं आणि दोन्ही मुठी छातीशी धरून सारख्या जोरानं ओढायच्या. मुठी एका रेषेत आल्या तर ठीक. एक मूठ पुढे राहिली तर तो दोर आखूड, पतंग त्याच बाजूला वळणार — मग लांब दोराची टोकाची गाठ सोडायची आणि आतून बांधायची. झालं. लोक पट्टी घेऊन बसतात, जमिनीवर पडलेला सैल दोर मोजून काय कळणार आहे? सत्तावीस वर्षं करतेय मी हे, अर्ध्या प्रांतातून माणसं दोर घेऊन येतात माझ्याकडे. म्हणून तुला नवल वाटलं असेल — लुआनच्या बायकोनं, म्हणजे मी बांधलेले दोर, आणि चार बोटांचा फरक. चारच ना? मोजलेस तू? … अशी बघू नकोस माझ्याकडे. नवे आहेत म्हटलं ना.

नवे नाहीत. दोराच्या टोकावर चढवलेली कापडी नळी किती झिजलीय ते तू पाहिलंच असशील, तुला काय सांगणार मी. फरक मी ठेवलाय. रोज सकाळी मीच ठेवते — उजवा दोर आखूड. आता चहा तरी पी, थंड होतोय.

सहा वर्षं झाली. थंडीचे दिवस, म्हातारा बूट घालायला वाकला आणि तिथेच आडवा झाला. डोक्यातली शीर. वाचला — पण उजवा हात तीन महिने मांडीवर नुसता पडून, दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिल्यासारखा. वसंतात म्हणाला, मैदानावर ने. नेलं. पतंग वर गेला, वाऱ्यानं ओढ घेतली आणि ती ओढ उजव्या हाताला धरवेना, हात पुढे जायला लागला — डावा आहे तिथेच. पतंग डावीकडे वळून जमिनीवर. दहा वेळा उडवला, दहा वेळा डावीकडे. मग तो तिथेच मातीत बसला आणि म्हणाला, हे सगळं विकून टाक. आरडाओरडा नाही काही, हळूच म्हणाला. म्हणून दुसऱ्या दिवशी मी उजवा दोर बोटभर आखूड केला. बोटभरच. पतंग सरळ उभा राहिला, श्याओ थेंग, खुंटी ठोकल्यासारखा. घरी येऊन तीन मोठे वाफवलेले पाव खाल्ले त्यानं, कितीतरी महिन्यांनी.

आणि मी काय कायम ठेवणार होते का तो फरक? हातात जोर आला की केसाकेसानं कमी करत आणायचा, त्याला कळायच्या आत सारखे करून टाकायचे, असं ठरवलं होतं. पण पतंग सरळ जातो म्हटल्यावर यानं रबरी चेंडू दाबायचा सोडला. डॉक्टरांकडे जायचा सोडला. हात बरा झालाय, वर बघ ना, म्हणतो. वर बघून काय करू मी? एका बोटाची दोन झाली, दोनाची तीन. आता चार. आणि याच्यासारखेच आजारी लोक याच्याकडे येतात, त्यांना सांगतो, औषधं कसली घेता, पतंग उडवा, मला बघा. तेव्हा मी आत जाऊन उगाच भांडी घासते.

दालियनला माझी बहीण आहे. तुमच्या यांताईहून बोटीत बसलं की पोचले. सहा वर्षांत नाही गेले. कशी जाणार? दोर रोज थोडा बदलतो, याचा हात रोज थोडा बदलतो — त्याच्या मागं उभी राहून मी कोपराकडे बघते, उद्या किती ठेवायचा ते ठरवायला. लोक म्हणतात, बघा, अजून नवऱ्याच्या पाठीशी उभी असते. आणि माझा हिरवा पतंग, तो बघ कपाटावर, निळ्या पिशवीत. आम्ही जोडीनं उडवायचो, माहितीय तुला? त्याच्यापेक्षा बरी उडवायचे मी — तो म्हणायचा नाही तसं, पण लोक म्हणायचे. आता त्याच्या शेजारी उभी राहिले तर मागून बघणार कोण? परवा चारचौघांत म्हणतो कसा, हिला पतंग कुठे कळतो, हिला दोर कळतात. हसले सगळे, मीही हसले. आणि घरी येऊन दोन्ही दोर सारखे करून ठेवले. कळू दे एकदा, म्हटलं. सकाळी तो बूट घालत होता तेवढ्यात पुन्हा बांधले.

तू कुणाला सांगू नकोस हे. कशी बोलून गेले कोण जाणे — तू एवढी गप्प बसलीस म्हणून. दे ती पिशवी, पावणेदहा होऊन गेले असतील.

हे पिवळे आहेत. हे तुझे, श्याओ थेंग. त्याचे पांढरे. पांढरे कुठे आहेत?

… सकाळीच दिलेस. त्याच्याच हातात. बरं.

आणि रीत म्हणून — हो, दुसऱ्याचा पतंग उडवला की दोर पुसून, सारखे करून परत द्यायचे — सारखे केलेस? चारही बोटं काढलीस? त्याला बोललीस का काही? … नाही. बरं. हे सांगायला आली होतीस तू. दोनदा तोंड उघडलंस, दोनदा मीच गप्प केलं तुला. रडू नकोस. तू काही वाकडं केलं नाहीस.

गट वर चढला बघ. सहा पतंग, इथून दिसतात. लाल त्याचा, मधला. — गेला डावीकडे. शेजारच्याच्या दोरात शिरला. सोडवताहेत. पुन्हा वर. पुन्हा डावीकडे. आता तो पतंगाकडे बघत नाहीये. दोराकडेही नाही. उजवा हात समोर धरलाय आणि त्याच्याकडे बघत उभा आहे नुसता.

गुंडाळतोय. डाव्या हातानं. इकडेच निघाला.

येईल, टोकं या खुंटीला अडकवेल, चाळीस पावलं मागं जाईल आणि ओढेल. हात पुढे जाणार नाही इतपत बेतानं ओढेल, तेवढं कळतं त्याला अजून. मुठी एका रेषेत येतील — दोर सारखेच आहेत, कळेल त्याला. मग मला विचारेल, काल किती बोटांचा फरक होता?

ऊठ तू. तुझे दोर घे. मुळा राहू दे. मागच्या दारानं जा.