तिसरी हाक

(दुपारचे तीन. स्टुडिओचा आतला कक्ष. जाड दार, काचेपलीकडे गाण्याची रिकामी खोली. गाणं पाच वाजता सिनेमावाल्यांच्या हाती पडायचं आहे. रेकॉर्डिस्टबाईंनी हेडफोन गळ्यात उतरवून ठेवला आहे. जेवणानंतर त्यांनी तो पुन्हा कानाला लावलेला नाही.)

संगीतकार : हीच जागा. दोन हाका, मग तिसरी, तिच्या मध्येच तो खटका, हाक तुटते आणि सगळं गप्प. या गप्प जागेला हात लावायचा नाही, ताई.

रेकॉर्डिस्ट : मी हात लावलेला नाही. मी विचारतेय, ती तुटते कशी?

संगीतकार : छान तुटते! पंधरा सेकंदांचा तुकडा बाहेर काय आला, चार दिवसांत शाळेतली पोरं, बँकेतले शिपाई, सगळे त्या जागेवर पुतळे होऊन उभे राहतायत. आत्ता कुठे नशिबाने दार वाजवलंय, तर तुम्ही त्याची उंबऱ्यावरच उलटतपासणी घेताय.

रेकॉर्डिस्ट : तुम्ही मला हाकांचे अकरा सेकंद दिलेत. तुमच्या रेकॉर्डरच्या कार्डावर साडेचार मिनिटं आहेत.

संगीतकार : ऐकलीत?

रेकॉर्डिस्ट : जेवणाच्या सुट्टीत. इंजिनाची घरघर साफ करायची तर नुसत्या घरघरीचा नमुना लागतो. म्हणून सुरुवातीपासून लावलं. मग डबा तसाच राहिला.

संगीतकार : ठीक आहे, आता कळलंच आहे तुम्हाला. लाकडाच्या वखारीत अपघात झाला. असे रोज कुठे ना कुठे होतात. ओंडका काही मी पाडला नाही.

रेकॉर्डिस्ट : माणूस गेला?

संगीतकार : जागच्या जागी. मी तिथे काय करणार होतो? मी डॉक्टर आहे का? रेकॉर्डिंग बंद केलं आणि गाडीत जाऊन बसलो.

रेकॉर्डिस्ट : लगेच नाही केलंत बंद. पुढे तीन मिनिटं चालू आहे.

संगीतकार : हात थरथरत होता माझा.

रेकॉर्डिस्ट : थरथर ऐकू आली असती. माइक एका जागी स्थिर आहे.

संगीतकार : ताई, सात वर्षं आपण एकत्र पडेल गाणी केली. आपली गाणी लागली की लोक चहा घ्यायला उठायचे. पहिल्यांदा कुणीतरी आपलं काहीतरी गुणगुणतंय. आणि त्या माणसाचा आवाज आता मरायचा नाही, हे नाही बघत तुम्ही.

रेकॉर्डिस्ट : त्याच्या घरच्यांना सांगितलंत का, मरायचा नाही म्हणून?

संगीतकार : घर कुठे, घरात कोण, मला काय ठाऊक! – कोण आहे? या. ढकला जरा, दार जड आहे.

क्रेनवाला : नमस्कार साहेब. खालच्या मॅडमनी वर जा म्हटलं. मी वखारीत क्रेन चालवतो. तुमच्या गाण्यात ज्यांची हाक आहे, ते माझे थोरले भाऊ.

संगीतकार : अरे, या, बसा बसा. पाणी घ्या. फार वाईट झालं हो. नाव हवंय ना? टाकू. अगदी शेवटी, आभारात, स्वतंत्र ओळीत.

क्रेनवाला : बाई, तुमच्या या बाजूला बसलो तर चालेल? मला इकडून बरं पडतं.

रेकॉर्डिस्ट : बसा की.

संगीतकार : काही तक्रार आहे का? ... अहो, मी म्हटलं, तक्रार आहे का काही?

क्रेनवाला : मला विचारताय होय? नाही नाही. तक्रार कसली. एक बारीकसं काम होतं. तो खटका आहे ना, तो थोडा मागे न्या. हाक संपली की मग वाजू दे.

संगीतकार : म्हणजे?

क्रेनवाला : आधी हाक. मग खटका. आमची रीत तशी आहे.

रेकॉर्डिस्ट : काय रीत, जरा नीट सांगा.

क्रेनवाला : ओंडका वर टांगलेला असतो, बाई. दादा खाली उभा राहून तो हाताने वळवून घेतो. पहिली हाक म्हणजे उचल. दुसरी म्हणजे थांब. तिसरी देत देत तो ओंडक्याखालून बाहेर येतो. हाक संपली म्हणजे माणूस बाहेर. मग मी वर ब्रेकचा दांडा सोडायचा. तो खटका माझ्या दांड्याचा आहे.

संगीतकार : आणि तोच तर गाण्याचा प्राण आहे! त्याच्यावर सगळे पाय आपटतात.

क्रेनवाला : आपटतात, म्हणूनच आलो. माझी पुतणी आठ वर्षांची आहे, दादाची धाकटी. परवा गल्लीत पोरींबरोबर या गाण्यावर हाका देत नाचत होती. मी पायरीवर बसलो होतो. तिचा पाय आपटला तेव्हा तोंड उघडंच होतं. पुन्हा नाचल्या, पुन्हा तेच. पाय आधी. तोंड मिटतं नंतर.

रेकॉर्डिस्ट : तुम्ही हे पाहिलंत.

क्रेनवाला : सगळ्या पोरींची तोंडं उघडी होती, बाई.

संगीतकार : बरं, मग त्याचं काय?

क्रेनवाला : चौकशीत मी सांगितलंय, हाक पूर्ण झाली, मग दांडा सोडला. दादाचाच पाय अडखळला असणार. कागदावर तसंच आहे. वहिनीलाही तसंच ठाऊक. पाच महिने झाले, ती म्हणते, ‘यांना घाई फार, पायाखाली कधी बघायचे नाहीत.’ पोरगी परवा पडली, गुडघा फुटला. तर वहिनी म्हणाली, ‘बापावर गेलीस.’

रेकॉर्डिस्ट : मग आता काय झालं?

क्रेनवाला : आता तिने गाणं ऐकलं. हाक अर्धीच कशी, विचारते. मी म्हटलं, सिनेमावाले कापाकापी करतात. तर म्हणाली, चला भाऊजी, पूर्ण ऐकून येऊ. खाली बसलीय.

संगीतकार : खाली? इथे?

क्रेनवाला : सोफ्यावर. मी म्हटलं, आधी विचारून येतो.

संगीतकार : ताई, न्या तो खटका मागे.

रेकॉर्डिस्ट : आत्ताच म्हणालात, हात लावायचा नाही.

संगीतकार : आता म्हणतो, लावा. तिसऱ्या हाकेला दुसरीचं शेपूट जोडा, आणि खटका त्याच्यानंतर. दोन मिनिटांचं काम आहे.

रेकॉर्डिस्ट : ... झालं. ऐका.

संगीतकार : अरे देवा. मढं झालं गाण्याचं. सगळे आवाज शहाण्या मुलांसारखे रांगेत उभे राहिले. ठीक आहे, हे खाली त्या बाईंना ऐकवा आणि हात जोडून घरी पाठवा. बाहेर जाईल ते जुनंच.

क्रेनवाला : मग गल्लीत?

संगीतकार : काय गल्लीत?

क्रेनवाला : गल्लीत कुठलं वाजणार?

संगीतकार : अहो, दोन महिन्यांत लोक विसरतात. नवं गाणं येतं.

क्रेनवाला : वहिनी विसरायची नाही. तिचे कान तिखट. अजून ती नुसता दादाचा आवाज ऐकतेय. एक दिवस तिला खटका ऐकू येईल.

रेकॉर्डिस्ट : एक विचारू? हाक संपायच्या आधी दांडा सुटला कसा?

क्रेनवाला : हाताला घाम होता. निसटला.

रेकॉर्डिस्ट : निसटला असता तर घसरत वाजला असता. हा अगदी ठाम आहे. एका झटक्यात.

क्रेनवाला : ... मी मोजतो, बाई. दादाची तिसरी हाक चार आकड्यांची. एक, दोन, तीन, चार, की दांडा. कधी चुकली नाही. त्या दिवशीही मी चार मोजले. पोरीची शपथ, चार मोजले.

रेकॉर्डिस्ट : मोजायचं कशाला? हाक ऐकू येते ना?

क्रेनवाला : वर इंजिन असतं.

संगीतकार : ताई, तुम्ही रेकॉर्डिस्ट आहात की फौजदार? पाचला गाणं द्यायचंय!

रेकॉर्डिस्ट : चारच मोजलेत तुम्ही. मीही मोजून पाहिले. खटका बरोबर चारवर आहे. हाक लांब होती.

क्रेनवाला : दादा कधी लांबवत नसे.

रेकॉर्डिस्ट : त्यांना लांबवायला सांगितलं होतं.

संगीतकार : ताई.

रेकॉर्डिस्ट : अगदी सुरुवातीला आहे. ‘मामा, तिसरी जरा लांबवा. पार ओढा. सिनेमात जाणार आहे.’ ते हसतात. म्हणतात, ‘मग तर आमची धाकटी खूश होईल.’

क्रेनवाला : कोण म्हणालं? लांबवा, कोण म्हणालं?

रेकॉर्डिस्ट : समोर बसलेत.

संगीतकार : मला काय माहीत तुमची रीत? कुणी सांगितलं होतं मला? मी सगळ्यांनाच म्हणतो, लांबवा. मोठमोठ्या गायकांनाही म्हणतो!

क्रेनवाला : पाच महिने मी मोजतोय, साहेब. जेवताना मोजतो. वर केबिनमध्ये मोजतो. तीनवर सोडला असेन का. साडेतीनवर सोडला असेन का.

संगीतकार : हे बघा, शांतपणे विचार करा. यात तुमचंही भलं आहे आणि माझंही. कार्ड पुसून टाकू. साप गेला, भुई धोपटायला नको. ताई, पुसा ते.

रेकॉर्डिस्ट : आणि गाणं?

संगीतकार : गाणं जसं आहे तसं जाईल.

रेकॉर्डिस्ट : म्हणजे यांचा खटका राहील. तुमचा शब्द तेवढा पुसला जाईल.

क्रेनवाला : बाई, ते सगळं तुमच्याकडे आहे? पहिल्यापासून?

रेकॉर्डिस्ट : आहे. पण नीट ऐका. लावलं तर सगळंच लागेल. खटकाही. आणि त्याच्यानंतर तुम्ही ‘दादा’ म्हणून ओरडलात, तेही.

क्रेनवाला : मी ओरडलो?

रेकॉर्डिस्ट : चार वेळा.

क्रेनवाला : मला वाटायचं, तोंडातून आवाजच निघाला नाही.

संगीतकार : अहो, भानावर या. चौकशी पुन्हा उघडेल. खोटं सांगितलंत म्हणून आत जाल. क्रेन तर सोडाच, तिथे ओंडके मोजायलाही कुणी ठेवणार नाही. आणि त्या बाई? आज तुमच्या हातचं पाणी पितात ना त्या?

क्रेनवाला : रोज पानात वाढतात.

संगीतकार : मग? ताटातलं तोंडात घालायचं सोडून मातीत कशाला घालता? खाली जा, सांगा, मशीन बिघडलंय. मी गाडी देतो, घरापर्यंत सोडेल.

क्रेनवाला : तिने गुडघ्याला हळद लावली, बाई. आणि म्हणाली, ‘बापावर गेलीस.’ तर पोरीनं काय म्हणावं? ‘हो.’ मान खाली घालून, ‘हो.’ मी तिथेच होतो. भाकरी तोंडात होती.

रेकॉर्डिस्ट : मग, लावू?

क्रेनवाला : लावा. पहिल्यापासून. ते ‘लांबवा’ आहे तिथून.

संगीतकार : कुणीही काहीही लावणार नाही! ताई, निदान दार तरी बंद करा. याने उघडंच टाकलंय मघापासून.

रेकॉर्डिस्ट : उघडंच राहू दे.

संगीतकार : सात वर्षं, ताई.

रेकॉर्डिस्ट : मोजलीत मी. – तुम्ही खाली जाऊन त्यांना घेऊन या, भाऊ. नाही, थांबा. जायला नको. त्याच येतायत. जिन्यात चपला वाजतायत.

क्रेनवाला : वाजतायत?

रेकॉर्डिस्ट : अगदी स्पष्ट. तुम्हाला नाही...?

क्रेनवाला : लांबचं मला ऐकू येत नाही, बाई. दोन वर्षं झाली.