सुवार्ताताईंकडे जेवायला शिकलेली मुलं

शमुवेलकाका, आणि इथे जमलेले तुम्ही सगळे,

मी बोलणार नाही असंच आधी सांगितलं होतं. ऑफिसातल्या मीटिंगमध्ये मी तासभर बोलू शकते. इथे दोन वाक्यांतच अडखळतेय. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

आपल्या कॉलनीत बहुतेक घरांत दोघंही नोकरीला. कुणी नोएडाला, कुणी गुरुग्रामला. शाळा सुटली की आपली मुलं तळमजल्यावर सुवार्ताताईंकडे. हे तुम्हाला ठाऊकच आहे. मी सांगणार आहे, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक नसेल.

माझी सई तेव्हा सहा वर्षांची होती. पाकिटातले नूडल्स आणि चिप्स, बस. बाकी काही तोंडात घालायची नाही. डबा भरलेला जायचा, भरलेला परत यायचा. तो मी डस्टबिनमध्ये रिकामा करायचे. रोज. त्याचं वाईट वाटणंही हळूहळू बंद झालं होतं.

ताईंनी तिला कधी भरवलं नाही, रागावल्या नाहीत. हातात परडी दिली आणि म्हणाल्या, "सई, मला मेथी निवडून देशील?" निवडलेल्या मेथीचे ठेपले झाले. कालच्या उरलेल्या वरणात कणीक मळली, ती लाटायला मुलंच. ज्यानं त्यानं आपल्या हातानं वाढून घ्यायचं. "थोडंच घे रे. हवं तर परत माग. मागायला लाज कसली?" एवढाच त्यांचा नियम. ताट मात्र स्वच्छ हवं.

एक दिवस मी ऑफिसातून लवकर आले. सई पंगतीत बसली होती आणि भाकरीशी काहीतरी हिरवं खात होती. मी विचारलं, हे काय? ताई कौतुकानं म्हणाल्या, "दोडक्याच्या शिरांची चटणी. सईनंच तीळ भाजले."

मी सईच्या पुढ्यातलं ताट उचललं. सगळ्या मुलांसमोर म्हणाले, "आम्ही पैसे देतो आणि तुम्ही माझ्या मुलीला सालं खायला घालता?"

ताईंचा चेहरा मला अजून दिसतो. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, एकदा चाखून तरी बघ."

मी चाखली नाही. सईचा हात धरला आणि निघाले.

दोन महिने सई दुसरीकडे जात होती. डबे पुन्हा भरलेले परत येऊ लागले. गालफडं बसली तिची. मग एका रविवारी मी दोडके सोलत होते, तर ही स्टूल ओढून ओट्याशी उभी. "मम्मा, वो फेंकना मत. तोरीची चटणी करायची. आधी धुवायच्या, मग कढईत." तिला दोडका हा शब्दही येत नव्हता हो! पण चटणी येत होती. "आणि तीळ किती?" मी विचारलं. म्हणाली, "वो आजी को पता है." ताईंना मुलं आजीच म्हणायची.

मी खाली गेले. जिना उतरताना शब्द जुळवत होते. दार ताईंनीच उघडलं. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "सई जेवते का गं नीट?"

बस. एवढंच. मला रडू फुटलं. त्यांनी मला आत नेलं, पाणी दिलं, तिळाचं प्रमाण सांगितलं. सई दुसऱ्या दिवसापासून पुन्हा त्यांच्याकडे. पण माफी मागायची राहिली. त्या दिवशी राहिली, मग दर वेळी वाटायचं, आता इतक्या दिवसांनी कशाला विषय काढायचा? पाच वर्षं गेली.

गेल्या महिन्यात ताई हॉस्पिटलात होत्या. अन्नावरची वासनाच गेली होती. काका, तुम्ही चमचा घेऊन बसलेले असायचात. सईनं घरी स्वतः मऊ भात केला, मेतकूट घातलं, आणि मला म्हणाली, चल. ताईंनी तीन घास खाल्ले. चौथा जाईना. त्या वाटीकडे बघत राहिल्या आणि सईला म्हणाल्या, "आज माझ्याकडून उरलं गं. रागावू नकोस."

 सईनं वाटी घेतली, तिथेच पलंगाशी उभं राहून उरलेला भात संपवला. रडत रडत, पण शेवटच्या शितापर्यंत. ताई तिच्याकडे बघत होत्या. त्यानंतर चार दिवसांनी त्या गेल्या.

तेव्हाही मी तिथेच होते. तेव्हाही बोलले नाही. का नाही बोलले? मला खरंच माहीत नाही.

सई आत्ता इथे नाही. ती ताईंच्या घरी आहे, तुमच्या लहान मुलांबरोबर. निघताना म्हणाली, "तुम्ही सगळे सभेला जाणार, मग छोट्यांना खायला कोण देणार?"

काका, मुलांसमोर मी तुमच्या घरात जे बोलले, ते आज सगळ्यांसमोर परत घेते. ताई, माझं चुकलं. फार चुकलं. तुम्ही असताना म्हणायला हवं होतं.

मला आणखी बोलता येत नाही. आपण उभे राहू या का? दोन मिनिटं, ताईंसाठी. शांतपणे.