शिक्का आत

(हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीतलं काचेचं ऑफिस. पलीकडे घड्या घालायचं लांब टेबल. गुरुवार, दुपार.)

मॅनेजर: …आणि भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ ठरलंय. केक सांगून झालाय. आक्कांनी तर कालपासूनच रडायला सुरुवात केलीय. कार्यक्रम अगदी घरच्यासारखा होईल, त्याची तुम्ही काळजी करू नका.

बाई: थांबा जरा. शनिवारी केक कापून तुम्ही त्याला कामावरून काढताय.

मॅनेजर: काढताय काय म्हणता, बाई. काढतात चोराला. आम्ही निरोप देतोय. राजेंना आम्ही तळहाताच्या फोडासारखं जपलंय. राजे हे नावसुद्धा मी ठेवलं, पहिल्याच दिवशी. आता फक्त एक करा, हे त्यांना तुम्ही सांगा. तुम्ही त्यांना तुमच्या विशेष मुलांच्या केंद्रात शिकवलंत, इथे आणून कामाला लावलंत, तुमचं ते ऐकतात. म्हणून तर तातडीने बोलावलं.

बाई: अकरा महिने झाले त्याला इथे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी विचारपूस करायला येते. दर वेळी तुम्ही मला याच खुर्चीत बसवता आणि सांगता, हिरा आहे हिरा. कसली म्हणून तक्रार नाही. मी तसंच लिहून नेते.

मॅनेजर: हिराच आहे. मी कुठे नाही म्हणतोय? तीनदा ‘महिन्याचा उत्तम कामगार’ झालेत. बाहेर पाटीवर फोटो बघा.

बाई: मग हिरा बाहेर का टाकताय?

मॅनेजर: आता कसं सांगावं… चहा घेणार?

बाई: नको. सांगा.

मॅनेजर: सोमवारपासून आम्हाला तिसरं हॉस्पिटल मिळतंय. सहाला येणारी गाडी आता साडेचारला दारात उभी राहणार. आणि राजे सुटतात चारला. अर्ध्या तासात त्या दोघींनी करायचं तरी किती?

बाई: कोण दोघी? काय करायचं?

मॅनेजर: आक्का आणि धाकटी. राजेंच्याच टेबलावरच्या. म्हणजे कसं आहे, राजे घरी गेले की… तुम्ही रागावणार.

बाई: अजून रागावलेले नाही. चान्स घ्या.

मॅनेजर: राजे गेले की त्या त्यांच्या चादरी उलगडतात आणि परत घड्या घालतात.

बाई: किती चादरी?

मॅनेजर: सगळ्या. दिवसाच्या पावणेदोनशे होत असतील.

बाई: रोज?

मॅनेजर: रविवार सोडून.

बाई: अकरा महिने?

मॅनेजर: सुरुवातीला दीड महिना ते टॉवेलवर होते. तेवढा वजा करा.

बाई: त्याच्या घडीत काय वाईट आहे?

मॅनेजर: वाईट? अहो, कडा अशा की बघत राहावं. फक्त शिक्का आत जातो. चादरीच्या कोपऱ्यावर हॉस्पिटलचा शिक्का असतो ना, तो घडीच्या वर दिसायला हवा. नाहीतर कुठली चादर कुठे द्यायची ते गाडीवाल्याला कळणार कसं? मागे एकदा अदलाबदल झाली, पंधरा दिवस मी फोनवर माफ्या मागत होतो. तेव्हापासून शिक्का आत असलेली एकही घडी मी दाराबाहेर जाऊ देत नाही. त्या बाबतीत आपण फार कडक.

बाई: आणि हे त्याला कोणी सांगितलं?

मॅनेजर: कोण सांगणार?

बाई: जो फार कडक आहे तो.

मॅनेजर: अहो, त्यांच्याकडे बघून जीभच उचलत नाही. चादरींवर आले त्या पहिल्या दिवशी आक्का सांगायला गेल्या होत्या. राजेंनी घडी पुढे केली आणि असे काही हसले की आक्कांच्या तोंडून ‘छान’च निघालं. एकदा छान म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी काय म्हणणार? त्यांनी धाकटीला सांगितलं, तू सांग. धाकटी म्हणाली, माझ्याच्याने नाही व्हायचं, त्यापेक्षा मी दोन हात जास्त चालवीन. मग दोघी माझ्याकडे आल्या, म्हणाल्या, साहेब, तुम्ही यात पडू नका, आमचं आम्ही बघतो. खोटं नाही सांगत, माझे डोळे भरून आले. म्हटलं, जगात माणुसकी अजून शिल्लक आहे.

बाई: कधी संपली?

मॅनेजर: मंगळवारी. गाडीची नवी वेळ कळली तेव्हा. आक्कांचा खांदा पार गेलाय, डॉक्टरांनी हात वर करायचा नाही म्हणून सांगितलंय. धाकटीचा नवरा विचारतो, रोज उशीर का. दोघी इथे उभ्या राहून म्हणाल्या, साहेब, लेकरू सोन्यासारखं आहे, पण आता नाही होत.

बाई: लेकरू चौतीस वर्षांचं आहे. रोज दाढी करून येतं.

मॅनेजर: तुम्हाला राग येणं साहजिक आहे.

बाई: राग मला माझाच येतोय. घडी त्याला मी शिकवली. चार महिने. टोकं जुळव, अर्धी कर, परत अर्धी कर, वरून हात फिरव. केंद्रातल्या चादरी कोऱ्या होत्या, कुणीतरी दान दिलेल्या. शिक्का बघायचा असतो हे मलाच माहीत नव्हतं, तर त्याला कुठून असणार? मग मी इथे दीड महिना त्याच्या शेजारी उभी राहिले, तेव्हा तुम्ही त्याला टॉवेल दिलेत, सोपे म्हणून. टॉवेलवर शिक्का नाही. मी यायची थांबले त्याच दिवशी तुम्ही त्याला चादरींवर घेतलंत.

मॅनेजर: बढती दिली हो. कौतुकाने.

बाई: आणि त्यानंतर दर महिन्याला मी या काचेतून बघून गेले. टोकं जुळताहेत, कडा सरळ आहेत, झालं. आत जाऊन एक घडी हातात घ्यायला काय झालं होतं मला?

मॅनेजर: असू द्या. म्हणजे तसं पाहिलं तर चूक कुणाचीच नाही.

बाई: तसं पाहिलं तर त्याला सोडून सगळ्यांची आहे. म्हणून घरी बसणार तो.

मॅनेजर: तुम्ही फार तोडून बोलता, बाई.

बाई: मी जिना चढत होते तेव्हा तुम्ही त्या इस्त्रीवाल्याशी काय जोडून बोलत होतात? खालपर्यंत ऐकू येत होतं.

मॅनेजर: त्याचं नाव काढू नका. डॉक्टरांच्या कोटाची कॉलर करपवली, या महिन्यात तिसऱ्यांदा. म्हटलं, चौथ्यांदा करपली तर ती इस्त्री तुझ्याच… जाऊ द्या. तुमच्यासमोर नको.

बाई: मग त्याचा निरोपसमारंभ कधी?

मॅनेजर: त्याचा? छे. नऊ वर्षं झाली त्याला इथे. शिव्या खातो, चार दिवस तोंड फुगवतो, मग महिनाभर असं काम करतो की नाव ठेवायला जागा नाही.

बाई: काय बोललात ते ऐकलंत का तुम्ही?

मॅनेजर: त्याची गोष्ट वेगळी.

बाई: आहेच वेगळी. त्याचं चुकलं तर तुम्ही त्याला सांगता. याचं चुकलं तर तुम्ही केक सांगता. साहेब, याच्या घरी दोन घड्याळं आधीच आहेत. एक फुलांच्या दुकानातलं, एक छापखान्यातलं. दोन्हीकडे तो सगळ्यांचा लाडका होता. दोन्हीकडे त्याने जाताना विचारलं, माझं काय चुकलं? दोन्हीकडे सांगितलं, काही नाही रे, काहीच नाही.

मॅनेजर: भल्या मनानेच सांगितलं असेल.

बाई: असणारच. छापखान्यातून आल्यावर सात महिने तो घरात बसून होता. त्याची आई सांगते, रोज सकाळी आंघोळ करून, बूट घालून दाराजवळच्या खुर्चीत बसायचा. दुपारी बूट काढायचा. ती मला परवाच म्हणाली, हे काम गेलं तर तो पुन्हा बूट घालायचा नाही. मी तिला मोठ्या तोंडाने म्हटलं, जातंय कसं, तीनदा उत्तम कामगार झालाय.

मॅनेजर: आता मला चहा हवाय.

बाई: चहा नंतर. आधी त्याला आत बोलवा आणि सांगा.

मॅनेजर: मी? तुम्ही सांगा ना. तुम्हाला सवय आहे.

बाई: मी सांगितलं तर ती शाळा होईल. त्याला पगार कोण देतं? जो देतो त्याने सांगायचं. उद्या आणि परवा मी त्या टेबलाशी उभी राहते, दिवसभर. नवीन गोष्ट त्याला शंभर वेळा करायला लागते, पण एकदा बसली की बसली. तुमच्याकडे दिवसाला पावणेदोनशे चादरी आहेत. उद्या दुपारपर्यंत शिकून झालेलं असेल.

मॅनेजर: आणि नाही झालं तर?

बाई: तर शनिवारी मीच येऊन केक कापते. बोलवा त्याला.

मॅनेजर: राजे… अहो राजे, जरा आत या. या, बसा. पाणी घेता?

राजे: नको. चाळीस चादरी राहिल्यात.

मॅनेजर: राहू द्या. तर राजे, तुमचं काम म्हणजे एक नंबर. त्यात वादच नाही.

बाई: साहेब.

मॅनेजर: हो हो. पण एक बारीकशी, म्हणजे अगदी नगण्य म्हणावी अशी…

बाई: साहेब.

मॅनेजर: शिक्का आत जातो.

राजे: काय?

मॅनेजर: चादरीवर शिक्का असतो. तो घडीच्या वर यायला पाहिजे. तुमच्या घडीत आत जातो. ते चुकतंय.

राजे: चुकतंय.

मॅनेजर: हो.

राजे: आज?

मॅनेजर: रोज.

राजे: मग चादरी जातात कशा?

मॅनेजर: तुम्ही गेल्यावर आक्का आणि धाकटी परत घड्या घालतात.

राजे: सगळ्या?

मॅनेजर: सगळ्या.

राजे: बाई, खरं?

बाई: खरं. मला आत्ताच कळलं. शिक्का बघायला मी तुला शिकवलंच नाही. ती चूक माझी.

राजे: आक्का म्हणतात छान.

मॅनेजर: तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हणतात हो.

राजे: आक्कांचा खांदा दुखतो. मी विचारलं, का दुखतो? म्हणाल्या, वय झालं.

मॅनेजर: ते आहेच की, वय…

राजे: वय नाही. मी.

मॅनेजर: हे बघा राजे, रडायचं नाही. अजिबात मनाला लावून घ्यायचं नाही.

राजे: रडत नाही. राग आलाय.

मॅनेजर: राग? कुणाचा?

राजे: तुमचा. तुम्ही इस्त्रीवाल्याला ओरडता. गाडीवाल्याला ओरडता. धाकटी फोनवर बोलली की तिला ओरडता. मला नाही ओरडत.

मॅनेजर: अहो, तुम्हाला कशाला ओरडू? तुम्ही आमचे…

राजे: दुकानात पण नाही ओरडले. छापखान्यात पण नाही. नंतर घड्याळ दिलं. ज्याला ओरडत नाहीत त्याला काढतात. मला माहितीय. मी रोज सकाळी बघतो, आज तरी ओरडतील. तुम्ही म्हणता, या राजे.

मॅनेजर: बाई, तुम्ही काहीतरी बोला.

बाई: मी काय बोलू? त्याचं बरोबर आहे.

राजे: शनिवारी केक आहे. मला कोणी सांगितलं नाही. आक्का धाकटीशी केकचं बोलताना रडतात, म्हणून कळलं.

मॅनेजर: केक रद्द. आत्ता फोन करतो.

बाई: केक असू द्या. तिसरं हॉस्पिटल मिळालं म्हणून खा सगळे.

राजे: मला काढलं?

मॅनेजर: नाही.

राजे: नक्की?

मॅनेजर: ते तुमच्यावर आहे. म्हणजे शिक्क्यावर आहे. सोमवारी शिक्का वर आला पाहिजे, प्रत्येक चादरीचा. नाही आला तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. आता हे मी स्पष्टच सांगतोय.

राजे: ठीक आहे.

मॅनेजर: ठीक आहे?

राजे: कळलं म्हणून ठीक आहे. शिक्का कसा वर आणायचा?

बाई: जा, एक चादर घेऊन ये. इथेच बघू… आणलीस? साहेब, तुमचे कागद उचला. हं, पसर. आधी काय करायचं? शिक्का शोधायचा.

राजे: हा इथे.

बाई: तो खाली, टेबलाकडे. आता तुझ्या नेहमीच्या पद्धतीने घाल. शेवटी घडी फक्त उलटी करायची.

राजे: शिक्का खाली. टोक. टोक. अर्धी. परत अर्धी. हात फिरव. उलटी.

बाई: आला का वर?

राजे: आला.

मॅनेजर: वा राजे, छान, एकदम…

बाई: साहेब, घडी बघा. चेहरा नका बघू.

मॅनेजर: हो. बघतो… ही कड बाहेर आलीय. बोटभर. शिक्क्याच्या नादात टोकं सुटली.

बाई: मग मला कशाला सांगताय?

मॅनेजर: राजे, ही कड… अरे, ही कड बघ. बाहेर आलीय. अशी घडी नाही चालणार. परत घाल.

राजे: परत घालतो.

मॅनेजर: आणि जरा हात उचल. बाहेर चाळीस पडल्यात आणि इथे एका चादरीवर दिवस घालवायचा आहे का?

राजे: घालतोय ना. तुम्ही आधी कोपर काढा चादरीवरून.